मामाच्या गावाला पाच दिवस आणि मालदीवचा सुका मासा

दिवस पहिला, शुक्रवार

सकाळची एसटी पकडून आई आणि मी वेंगुर्ल्याहून निघालो. कारण एकच, मामाच्या धाकट्याची कसम परेड, ट्रेनिंग संपल्यावर जवान शपथ घेतात ती. सात-आठ महिने बेळगावच्या मराठा सेंटरला, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या ट्रेनिंग सेंटरला, रगडा खाल्ल्यावर शनिवारी त्याची परेड होती आणि मामाचा फोन महिनाभर चालूच होता, अक्का तू यायचंच, पोरीला घेऊन ये, रजेचं काय ते नंतर बघू.

खाली डिसेंबर असूनही दमट होतं, आंबोलीला गाडी थांबली तेव्हा आईने पिशवीतून स्वेटर काढला. ह्या रस्त्याने लहानपणापासून जातेय, नांगरतास, पाटणे फाटा, मग शिनोळी, आणि शिनोळी सोडली की लगेच बाची म्हणजे कर्नाटक, पाटीवरची अक्षरं बदलली की समजायचं आलो. मामाचं घर बाचीत आणि मामीचं माहेर शिनोळीत, मामी म्हणते मी राज्य ओलांडून नांदायला आले पण इथून हाक मारली तर माहेरी ऐकू जाते. सीमाभागातलं दुःख काय असतं ते ज्याच्या घरातून रेघ गेलीय त्यालाच कळतं, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी, ह्या वेळचा विषय दुसरा आहे.

दुपारी उकडलेली रताळी आणि चहा. रात्री जेवणं झाल्यावर मामाने फौजेतली ट्रंक उघडली, परेडला घालायचा ब्लेझर आणि मेडल काढायला, आणि तळाशी एक प्लास्टिकची पिशवी निघाली. रिकामीच होती, पण मामाने ती नाकाला लावली आणि आईकडे दिली. आईने पण वास घेतला आणि दोघं भाऊबहीण हसायला लागले. मला लगेच आठवलं कसली पिशवी ती!

2017 च्या डिसेंबरात मामाची पोस्टिंग बेळगावातच होती आणि तेव्हा मालदीवचे सैनिक आपल्या लष्कराबरोबर ट्रेनिंगला आले होते, 14 दिवसांचं, एकुवेरिन नावाचं. धिवेही म्हणजे मालदीवच्या भाषेत एकुवेरिन म्हणजे मित्र. मामा काही फार पुढे नव्हता त्यात, सामान, दोर, बांबू, टारगेट असली खाती त्याच्याकडे. पण त्यांच्यातल्या एका मरीनशी, म्हणजे जहाजातून उतरून लढणाऱ्या सैनिकाशी, त्याचं जमलं आणि जाताना त्या मुलाने मामाच्या हातात ही पिशवी दिली, आत लाकडाच्या ढलपीसारखे काळे तुकडे. मामाला वाटलं औषध आहे की काय. हिकी मस म्हणाला तो. म्हणजे कुपा (टूना) मासा उकडून, धुरी देऊन, उन्हात कडकडीत वाळवलेला. मामीने हात लावायला नकार दिला आणि मामाने तो एसटीच्या कंडक्टरबरोबर आमच्याकडे खाली धाडून दिला.

दिवस दुसरा, शनिवार

पहाटे चारला उठलो. मराठा सेंटरच्या गेटवर मोबाइल जमा करावे लागले त्यामुळे फोटो नाहीत, जे डोळ्यांनी बघितलं ते लिहिते.

लाइट इन्फन्ट्रीची चाल भरभर असते, हे मामाकडून शंभरदा ऐकलं होतं, पण शेकडो पोरं एका ठोक्यात तशी चालत येतात तेव्हा जमिनीतून पायाला कंप जाणवतो. तिरंगा आला, पलटणीचं निशाण आलं, हात वर करून कसम झाली, आणि मग ती घोषणा, बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय. मामीच्या मुठीत पदराचं टोक होतं ते तिने परेड संपेपर्यंत सोडलं नाही. नंतर पोरांच्या आईवडिलांना गौरव पदक लावतात, मामीच्या लुगड्याला पदक लावताना पिन लागेना, माझ्या भावाने स्वतः वाकून लावली आणि तेव्हा दोघंही रडले. पोरगा किती काळा आणि किती सरळ झालाय, आईला पहिल्यांदा ओळखूच आला नाही.

नंतर म्युझियम बघितलं. मामा तिथे नातेवाइकाच्या घरात फिरावं तसा फिरतो. 1768 साली उभी राहिलेली जंगी पलटण, 1922 पासून बेळगावात असलेलं हे सेंटर, इटलीत 1944 ला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले नाईक यशवंत घाडगे, 1945 ला मिळवलेले शिपाई नामदेव जाधव, सगळं तोंडपाठ. मी मात्र किनाऱ्यावर वाढलेली, मी समुद्राचं काही आहे का ते शोधत होते, तर मामा म्हणाला आहे की, आपली रेजिमेंट नौदलाच्या आयएनएस मुंबईशी जोडलेली आहे, जहाज आणि पलटण म्हणजे सोयरीकच. मला हे माहीतच नव्हतं, फार बरं वाटलं ऐकून.

संध्याकाळी रजेचा कागद घेऊन भाऊ आमच्याबरोबर घरी आला. घरी येऊन आधी झोपला, बूट काढायच्या आधी.

दिवस तिसरा, रविवार

राजहंसगड. येळ्ळूरचा गड म्हणतात लोक. 2023 ला तिथे महाराजांचा मोठा पुतळा बसवला तेव्हापासून रविवारी गर्दी असते म्हणून आम्ही उजाडायलाच गेलो. गाडी बरीच वर जाते पण मामाने ती खालीच लावायला लावली, म्हणाला चालत जायचं, तुला काहीतरी सांगायचंय ते चालतानाच कळेल.

अर्ध्या चढावर मला धाप लागली, थांबले. मामा म्हणाला, हां, बरोबर असाच थांबला होता तो.

तो म्हणजे तोच मरीन. गड हा नव्हे, ट्रेनिंगच्या भागातली टेकडी होती कुठली तरी, पण गोष्ट अशी की मालदीव म्हणजे बाराशेच्या आसपास बेटं आणि त्यातली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा जेमतेम अडीच मीटर, आपल्या घराच्या कौलाएवढी पण नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर. त्या मुलाने आयुष्यात चढण म्हणून जी काय चढली होती ती इमारतीच्या जिन्याची, आणि इथे पाठीवर पिठ्ठू, हातात हत्यार आणि डिसेंबरची पहाट. फिट होता म्हणे, आपल्या पोरांपेक्षा छाती रुंद, सपाटीवर पळायला लागला की कुणाला सापडायचा नाही, पण चढाला पाऊल कसं टाकायचं तेच त्याला ठाऊक नाही, पंज्यावर उड्या मारत चढायचा आणि पोटऱ्या भरून यायच्या. मामाने त्याला काय शिकवलं तर आपल्या आज्जीने डोक्यावर भारा घेऊन जसं चढायला शिकवलं ते, अख्खा पाय टेकव, तिरकं चढ, श्वास पावलावर मोज.

मग मोजायचं कसं. हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि मामाने तो त्या चढावर थांबून थांबून सांगितला. मामा मोजतोय एक, दोन, तीन, आणि तो पोरगा त्याच्या भाषेत मोजतोय एकेह, देह, तिनेह. मामा थांबला, म्हणाला परत म्हण. एकेह, देह, तिनेह, हतरेह, फहेह, हयेह, हतेह, अशेह, नुवएह, दिहएह. सहाला हयेह, सातला हतेह! आपला स तिकडे ह होऊन बसलाय. मामा बारावी नापास, पण त्याच्या ते तिथेच ध्यानात आलं, आणि म्हणून जाताना त्याने हिकी मस म्हटल्यावर मामाला पिशवी उघडायच्या आधीच कळायला पाहिजे होतं, हिकी म्हणजे सुकी आणि मस म्हणजे मासा, सुका मासा! मी तिथे दगडावर बसूनच राहिले, म्हटलं हे कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर विसरून गेले असते.

ट्रेनिंगचं म्हणाल तर मामा फार बोलत नाही, जे कुणालाही सांगण्यासारखं आहे तेवढंच सांगतो आणि मी पण तेवढंच लिहिते. विषय दहशतवाद्यांविरुद्धची लढाई, वस्तीच्या भागातली. पहिले दिवस एकमेकांची हत्यारं बघण्यात आणि हाताच्या खुणा जुळवण्यात जातात, कारण दाराच्या पलीकडे कोण आहे माहीत नाही तेव्हा बोलायचं नसतं, मूठ, बोट, तळवा यावरच सगळं चालतं, आणि एकाची थांब ही खूण दुसऱ्याला चला वाटली तर माणूस मरेल. मग मिसळून टीम करतात, दोन इकडचे दोन तिकडचे, दारातून आधी कोण शिरणार, कोपरा कोण बघणार, जखमीला कोण ओढणार, हे परत परत, परत परत. आणि शेवटी सगळं एकत्र करून एक मोठा सराव. मामा म्हणतो पहिल्या आठवड्यात दारात दोघं एकमेकांना धडकायचे, दुसऱ्या आठवड्यात खांद्याला हात लागला की समोरच्याला समजायचं मागे आपला माणूस आहे.

काही लोक म्हणतात हे सराव म्हणजे दोन झेंडे, हस्तांदोलन आणि पेपरात फोटो. मला ते पटत नाही. 3 नोव्हेंबर 1988 ला मालदीवच्या राजधानीत, मालेमध्ये, भाडोत्री हल्लेखोर घुसले, राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आपले पॅराट्रूपर आग्र्याहून उडून दोन हजार किलोमीटरवरच्या हुलहुले बेटावर उतरले, पळून जाणारं जहाज नौदलाच्या आयएनएस गोदावरी आणि बेतवाने गाठलं. ऑपरेशन कॅक्टस. तेव्हा ओळखपाळख करून घ्यायला वेळ नव्हता. परत कधी अशी रात्र आली तर निदान खुणा तरी जुळलेल्या असाव्यात एवढी साधी गोष्ट आहे ही, आणि ती दोन आठवडे एका लंगरमध्ये जेवल्याशिवाय होत नाही.

वरून सगळं बेळगाव दिसतं. मामा बोटाने दाखवत होता, तिकडे सांबरा, तिकडे कॅम्प, तिकडे पश्चिमेला डोंगर आणि त्याच्या पलीकडे तुमचं वेंगुर्ला. तो मरीन पण रोज विचारायचा म्हणे, समुद्र कुठल्या बाजूला, आणि मामाने दाखवलं की त्या बाजूला तोंड करून जरा वेळ उभा राहायचा.

दिवस चौथा, सोमवार

सकाळी बेळगावात खरेदी, गणपत गल्ली, खडे बाजार, कुंदा घेतला दोन किलो, आईला मांडे हवे होते ते पण मिळाले. बाकी काही विशेष नाही.

संध्याकाळी मामाच्या अंगणात गावातले दोन-तीन निवृत्त फौजी येऊन बसतात, शेकोटी असते. त्यातले एक काका नौदलात होते. भावाने त्यांना विचारलं की मरीन म्हणजे नक्की काय, आपल्याकडे का नाहीत. काका म्हणाले मरीन म्हणजे जहाजातून येऊन किनाऱ्यावर उतरणारं पायदळ, पाण्यात पण लढणार आणि वाळूत पण. मालदीवच्या सैन्यात वेगळी मरीन कोअरच आहे, बेटांचा देश, त्याला दुसरं काय परवडणार. आपल्याकडे तशी स्वतंत्र फौज नाही, नौदलाचे मार्कोस आहेत 1987 पासून पण ते मूठभर खास कमांडो, आणि किनाऱ्यावर उतरायचं काम लष्कराच्या पलटणींना शिकवलं जातं. 2019 च्या नोव्हेंबरात काकीनाड्याला टायगर ट्रायम्फ नावाचा अमेरिकेबरोबरचा सराव झाला तेव्हा अमेरिकेच्या मरीनबरोबर आपले लष्करातलेच जवान उतरले, 19 मद्रास पलटण वगैरे. आयएनएस जलाश्वचं नाव निघालं तेव्हा काका खुर्चीत सरळ बसले. 2007 ला अमेरिकेकडून घेतलेलं जहाज ते, पोटात रणगाडे आणि होड्या घेऊन जाणारं. कोरोनात, 2020 च्या मे महिन्यात, हेच जलाश्व मालेहून 698 भारतीयांना घेऊन कोचीला आलं. लढाईचं जहाज आणि आत घाबरलेल्या बायका-पोरं, काका म्हणाले मी तेव्हा रिटायर होतो पण टीव्हीसमोर सलाम केला.

मग विषय बेळगावावर आला. ह्या एका गावाने किती देशांचे बूट बघितलेत! 2008 ला चीनचे सैनिक सरावाला आले, नाव हँड इन हँड. 2009 ला पहिलं एकुवेरिन इथेच, तेव्हापासून आलटून पालटून एकदा भारतात एकदा मालदीवमध्ये. 2013 ला ब्रिटिश, अजेय वॉरियर. 2022 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जपानचे, धर्मा गार्डियन, आणि त्यात समोर आपली 15 मराठा पलटण. का इथेच, तर काका म्हणाले कमांडो स्कूल इथे, जंगल इथे, डोंगर इथे, जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस इथे, शिकायला अजून काय लागतं.

मला बाकीच्या देशांपेक्षा ते मालदीवचं जास्त लागतं मनाला. मोठा देश मोठ्या देशाबरोबर सराव करतो त्यात दाखवायचं बरंच असतं. इथे एकाला डोंगर माहीत नाही आणि दुसऱ्याला समुद्र माहीत नाही, आणि दोघं ते कबूल करतात.

कारण खरी गोष्ट मामाने त्या शेकोटीवरच सांगितली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एका सुट्टीच्या दिवशी त्या मुलाने विचारलं, तुझी बहीण समुद्राकाठी राहते, मग तू पोहत असशील. मामा म्हणाला नाही येत. सव्वीस वर्षं फौजेत काढली, टाकीत हातपाय मारून टेस्ट काढली असेल तेवढीच, समुद्रात गुडघ्याच्या पुढे कधी गेलो नाही. तो मुलगा हसला नाही. म्हणाला मला पण डोंगर येत नव्हता, तू शिकवलास, तू माझ्याकडे आलास तर मी शिकवीन. 2018 ला सराव तिकडे माफिलाफुशीला झाला पण मामाचा नंबर लागला नाही. आणि पुढे तो रिटायर झाला.

सगळे गप्प. मग आई म्हणाली, उद्या आमच्याबरोबर खाली चल, दोघंही चला.

दिवस पाचवा, मंगळवार

मामी तेवढी गोठ्यासाठी थांबली, बाकी आम्ही चौघं. एसटीत भाऊ खिडकीला, मांडीवर कुंद्याचा डबा, घाट उतरताना कान बंद झाले म्हणाला.

घरी पोचल्यावर आई पदर खोचून स्वयंपाकघरात. 2017 ला तो हिकी मस आमच्याकडे आला होता तेव्हाही आईला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो काळा तुकडा तिने हातात घेऊन ठोकला, वास घेतला, किसणीवर घासला, गुलाबी-तपकिरी भुसा पडायला लागला. त्यात ओलं खोबरं, बारीक कांदा, मिरची, आमसूल, हाताने कुस्करून किसमूर केली, आपण सुक्या बांगड्याची करतो तशीच. नंतर मी वाचलं तर मालदीवचा सकाळचा नाश्ता हाच, मस हुनी, मासा खोबरं कांदा मिरची, फक्त आमसुलाच्या जागी लिंबू, आणि सोबत रोशी म्हणजे आपली रोटीच. कुणी कुणाला न विचारता एकच पदार्थ! आज तो मासा नव्हता, पण आईने बांगड्याची किसमूर करून मामाच्या पानात वाढली आणि मामाने एक घास खाऊन मान हलवली, अगदी तसंच, म्हणाला, धुराचा वास तेवढा कमी.

चारला सागरेश्वरच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी लागायची वेळ टाळून, भरती संथ असते तेव्हा, आणि कमरेच्या पुढे कुणी जायचं नाही ही माझी अट. भाऊ सेंटरच्या टाकीत शिकलाय पण टाकीला लाट नसते, पहिल्या लाटेला तोंडात पाणी गेलं आणि तो उभाच राहिला, परवा परेडला बघितलेला पोरगा आणि हा एकच का असं वाटावं इतका गोंधळला. मी त्याच्या पाठीखाली हात धरला. म्हटलं आकाशाकडे बघ, मान सोड, छातीत हवा भरून ठेव, पाणी उचलतं माणसाला, तू काही करायचं नाहीस. आमच्याकडे पोरांना असंच शिकवतात.

मामा पॅन्ट दुमडून घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता. भावाचं अंग दगडासारखं ताठ, सैल पडेना. मग मामा तिथूनच मोठ्याने मोजायला लागला, परेड ग्राउंडवरच्या आवाजात, एकेह, देह, तिनेह, हतरेह. भाऊ हयेहला बुडाला. परत. हतेहला बुडाला. तिसऱ्यांदा मी हात कधी काढला त्याला कळलं नाही आणि मामा मोजत मोजत पुढे आला, अशेह, नुवएह, दुमडलेली पॅन्ट भिजली, पाणी मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत, दिहएह, आणि परत एकेहपासून सुरू.